बाबांचा हात आणि हॅमचं पॉलिश

तीर्थस्वरूप थोरल्या ताईंना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (या वेळी साष्टांग हा शब्द शब्दशः घ्यावा. जेवणाच्या टेबलाखाली घरंगळलेले बटाटे वेचताना माझी कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही. तेव्हा नमस्कारासाठी वेगळं वाकावं लागलं नाही.) तुमच्या पायाचं प्लास्टर कसं आहे? डॉक्टरांनी पाय उशीवर ठेवून गप्प पडून राहायला सांगितलंय असं कळलं. पाय काय, जुळून येईल. पण तुम्हाला गप्प पडून राहायला सांगणाऱ्या डॉक्टरांचं पुढे काय झालं, ते कळवावं. इकडे आम्ही सर्व ठीक. सर्व म्हणजे तुमची बहीण ठीक आणि बाबा तब्येतीने ठीक. माझ्याबद्दल पुढे येईलच.

पत्र लिहिण्यास कारण की, बाबांचं मांसाचं दुकान पुढच्या महिन्यापासून शेजारच्या चष्मेवाल्याला द्यायचं, असं तुम्ही फोनवर ठरवलंत. बाबांचा हात आता चालत नाही, सुट्टीच्या जेवणाला सगळ्यांदेखत सुरी सटकली, उद्या बोट तुटलं तर काय करायचं, असं तुम्ही म्हणालात. आणि जे तुमच्या कानावर घातलं गेलं त्यावरून कोणीही हेच म्हटलं असतं. पण ताई, सुरी बाबांच्या हातामुळे सटकली नाही. माझ्यामुळे सटकली. हे एवढं एका वाक्यात सांगून थांबता आलं असतं, पण एका वाक्यात सांगितलं की सगळा दोष ताबडतोब माझ्यावर येतो. सविस्तर सांगितलं तरी माझ्यावरच येतो, पण जरा उशिराने येतो. तेवढी सवड मला द्यावी.

आपल्या घरची पद्धत तुम्हाला मी काय सांगणार? दर वर्षी सुट्टीच्या हॅमसाठी डुकराची तंगडी बाबांनी निवडायची, दुकानामागच्या थंड खोलीत मीठसाखरेत मुरवायची, धुरी द्यायची. तुम्ही दोन दिवस आधी येऊन ती भिजवायची, उकडायची, वरून साखरेचा पाक चढवून भाजायची. आणि टेबलावर आली की ती बाबांनीच कापायची. या सगळ्यात माझं काम खुर्च्या मांडण्याचं. लग्न झाल्यापासून मी खुर्च्या मांडत आलो आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. (खुर्च्यांना पॉलिशही मीच केलेलं आहे, हे पाहुण्यांपैकी आजवर एकानेही विचारलेलं नाही, तो भाग वेगळा.) या वर्षी तुमचा पाय मोडला. तुमच्या बहिणीची हॉस्पिटलात दिवसभराची ड्यूटी. तेव्हा तुम्ही फोनवरून मला कृती सांगितलीत आणि शेवटी म्हणालात, “जमेल ना? नसेल जमत तर मामींना सांगते.” ताई, हे तुम्ही म्हणायला नको होतं. एखादं काम मामींना जमेल आणि मला जमणार नाही, असं कोणी सुचवलं की माझी बुद्धी रजेवर जाते.

भिजवण्याउकडण्यापर्यंत मी तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही. पाणी बदललं, आच मंद ठेवली, वरची जाड साल अलगद सोडवली, खालची पांढरी चरबी जशीच्या तशी राखली. एवढ्यावर मी मेलो असतो तर लोकांनी माझं नाव काढलं असतं. पुढे तुम्ही सांगितलं होतं की चरबीवर सुरीने तिरक्या रेघा ओढून चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीच्या टोकाला एक लवंग खोचायची. मी सुताराचा गुण्या लावून रेघा ओढल्या. अशा नेमक्या रेघा तुम्हीही कधी ओढल्या नसतील. आणि इथेच घात झाला. रेघा ओढून मी दोन पावलं मागे सरकलो, डोळे बारीक करून बघितलं, आणि ताई, मला तिथे हॅम दिसेचना. मला ओरखडे पडलेलं टेबल दिसायला लागलं. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे ओरखडे पडलेली टेबलं आणली आणि मी ती आरशासारखी करून परत पाठवली. हात शिवशिवायला लागले. तोंडाने मी स्वतःला समजावत होतो की बाबा रे, हे जेवण आहे, फर्निचर नाही. पण हात ऐकायला तयार नव्हते.

मी भेगा बुजवल्या. लाकडाच्या भेगांत आम्ही लुकण भरतो. (लाकडाचं लुकण भरलं नाही, इतकाही मी वाया गेलेलो नाही.) मैदा आणि पिठीसाखर मधात मळून घट्ट गोळा केला, आणि तुम्ही इतक्या अट्टाहासाने पाडायला लावलेली एकेक चौकट त्याने भरून सपाट केली. लवंगांची डोकी वर आली होती, ती अंगठ्याने दाबून आत घातली. मग पाक केला: तपकिरी साखर, मध, मोहरीची पूड, संत्र्याचा रस, सगळं तुमच्या प्रमाणात. तुम्ही म्हणाला होतात, ओव्हनमध्ये ठेवून वरून तीन हात द्यायचे आणि थांबायचं. तीन हात! ताई, तीन हातांत आम्ही स्टुलाचा पायसुद्धा सोडत नाही. पहिला हात तर लाकूड पिऊनच टाकतं, दुसऱ्याने रंग धरतो, तिसऱ्यापासून कुठे कामाला सुरुवात होते. मी पातळ हात द्यायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा, बाहेर काढून पंख्याखाली निववायचा, हाताने चाचपून बघायचा, आणि पुन्हा. मध्येच एक बुडबुडा आला. तो मी काचकागदाने घासला. काचकागद नवा होता, हे माझ्या बाजूने एवढं तरी लक्षात ठेवा. किती हात झाले ते विचारू नका. मोजणं मी केव्हाच सोडलं होतं. तुमची बहीण ड्यूटीवरून आली आणि म्हणाली, “अजून चाललंय का?” मी म्हणालो की अजून एक. हे ती आंघोळीला गेली तेव्हाही म्हणालो आणि आली तेव्हाही.

पण काय झालं होतं ते! पदरचं सांगत नाही. दारातून मामा, मामी आणि चष्मेवाला आत आले आणि तिघेही बोलायचे थांबले. (चष्मेवाल्याला का बोलावलं, असं तुम्ही विचाराल. तो एकटा आहे, आणि बाबांना टेबलावर एकही खुर्ची रिकामी बघवत नाही. या वर्षी तुमची रिकामी होती.) ताटात एक गडद लालसर, गोल, चकाकणारी वस्तू होती आणि तिच्यात डोक्यावरचा दिवा दिसत होता. मामींनी तिच्यात बघून कपाळावरची बट मागे सारली. चष्मेवाल्याने धंद्यातला माणूस या नात्याने चष्मा काढून पुसून पुन्हा लावला आणि अशी सफाई काचेलासुद्धा येत नाही, असं प्रमाणपत्र दिलं. मामांनी तिथल्या तिथे माझं नाव चकाकराव ठेवलं. ताई, मी खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. त्या घरात माझं काम कोणी असं थांबून बघितल्याची ती पहिलीच वेळ.

मग बाबा उठले. स्वच्छ शर्ट, बाह्या दुमडलेल्या, हातात ती लांब पात्याची सुरी. तुम्हाला माहीतच आहे, हल्ली त्यांचा हात थरथरतो. चहाचा कप बशीत वाजतो, शर्टाचं वरचं बटण तुमची बहीण लावून देते. पण सुरी हातात आली की तोच हात थांबतो. मी दुकानात कितीदा बघितलंय, कागदासारखे पातळ काप काढतात. तर त्यांनी डावा हात हाडावर ठेवला, सुरी टेकवली आणि ओढली. टक् असा आवाज झाला. पुन्हा टेकवली, जरा जोर दिला. सुरी त्या चकाकीवरून सरळ घसरली, ताट राहिलं जागेवर आणि हॅम निघालं. पाण्याचा जग आडवा केला, उकडलेल्या बटाट्यांतून वाट काढली आणि टेबलाच्या टोकाला बसलेल्या चष्मेवाल्याच्या छातीवर जाऊन थांबलं. त्याने ते दोन्ही हातांनी कवटाळलं. भला माणूस, सोडलं नाही.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे बाबांच्या हाताकडे बघत होते. बाबांनीही आपल्या हाताकडे बघितलं. मग सुरी टेबलावर ठेवली, मूठ आमच्या बाजूला करून, आणि म्हणाले, “हात राहिला नाही आता माझा.”

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. टक् हा आवाज मला ओळखू आला नाही, असं मी कोणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगू शकत नाही. तो आवाज मी रोज ऐकतो. चांगला बसलेला थर नखाने वाजवला की तसाच येतो. मला तेव्हाच कळलं होतं. पण मामी हळहळल्या, मामा म्हणाले की वय कोणाला चुकलंय, तुमच्या बहिणीने बाबांना धरून खुर्चीत बसवलं, आणि मी चष्मेवाल्याच्या मिठीतून हॅम सोडवून घेऊन “मी बघतो” म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि दार लावलं. लाजेने नाही लावलं. ते चकाकराव नाव माझ्या डोक्यातून उतरत नव्हतं.

आत मी सुरी लावून बघितली. पावाची करवतीची सुरी लावली. मग पायरीवर ठेवलेली माझी हत्यारांची पिशवी उघडली. हातोडी आणि पटाशीने ते वरचं कवच मी खपल्याखपल्यांनी उडवलं. (पटाशी धुऊन घेतली होती.) आणि ताई, आत बाबांचं हॅम होतं. गुलाबी, ओलसर, इतकं मऊ की सुरी नुसती ठेवली तर आपल्या वजनाने खाली जात होती. बाबांना हे कापायला दोन बोटं पुरली असती. मी काप काढले, दुसऱ्या ताटात पंख्यासारखे मांडले, कवचाचे तुकडे कचऱ्यात खोल दाबले आणि ताट घेऊन बाहेर आलो.

आता जे लिहितो ते लिहिण्यापेक्षा कंबरेचं दुखणं परवडलं. मामा म्हणाले, “हात असावा तर असा.” सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा ताटाकडे बघत होते. आणि मी, ज्याला आयुष्यात हॅमचा एक काप स्वतःच्या हाताने काढायची वेळ आली नव्हती, तो मी म्हणालो, “सगळं मनगटात असतं.”

हे मी बोललो, ताई. माझ्या सासऱ्यांसमोर, त्यांनी मुरवलेल्या हॅमबद्दल, त्यांच्याच टेबलावर. तेव्हापासून हे वाक्य मला दात घासताना ऐकू येतं. कामावर एका कपाटाला पॉलिश करत होतो, मध्येच थांबलो आणि माझं मनगट बघत बसलो. कपाटाच्या मालकिणीला वाटलं की घड्याळ हरवलं. बाबांनी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं, मीठ बरोबर बसलंय म्हणाले, आणि जेवण झाल्यावर सुरी धुऊन फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी चष्मेवाला येऊन मधली भिंत बोटाने वाजवून बघत होता. (माणूस वाईट नाही. ती भिंत पाडायची त्याला बरीच वर्षं हौस आहे, पण बाबांचा हात चालतो तोवर त्याने शब्दही काढला नव्हता.) मग तुमच्या बहिणीने तुम्हाला फोन केला, तुम्ही निर्णय दिलात, आणि बाबांनी मान डोलावली. मी तिथेच उभा होतो. मीही मान डोलावली.

तर सांगायचं ते एवढंच: बाबांचा हात शाबूत आहे. दुकान देऊ नका. चष्मेवाल्याला तुम्ही नाही म्हणालात तरच तो ऐकेल. या घरात शेवटचा शब्द तुमचाच असतो, पाय प्लास्टरमध्ये असला तरी. मला जे बोलायचं ते बोला. फोनवर बोललात तर मी कान जरा लांब धरीन, पण ठेवून देणार नाही.

पायाला जपावं. लोभ असावा, असं या वेळी कोणत्या तोंडाने लिहू? थोडा शिल्लक असला तर असावा.

आपला,
चकाकराव
(हे नाव आता मला शिवीसारखं लागतं, म्हणूनच घातलं.)

ता. क. वरचं सगळं मनापासून लिहिलं आहे, पण एक विनंती राहिली. हे मी तुम्हाला कळवलं असं घरात कोणाला कळू देऊ नये. तुम्ही असं करावं: बहिणीला फोन करून म्हणावं की मी अंथरुणात पडल्या पडल्या विचार केला, आणि मला वाटतं पाकाचा थर जाड झाला असावा, म्हणून सुरी सटकली. तुम्हाला इतक्या लांबून हे कसं कळलं, असं विचारायची कोणाची छाती नाही. बाबांचं नाव साफ होईल, दुकान राहील, आणि मीही थोडाफार राहीन. खरं सांगायचं तर एवढं मागण्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. बाकीचं लिहिता लिहिता बाहेर पडलं.

ता. क. २. पत्र टाकायला निघालो तर वाटेत बाबांचं दुकान. दार अर्धं उघडं होतं. आत बाबा एकेक सुरी तेलाच्या बोळ्याने पुसून खोक्यात ठेवत होते. मी तसाच पुढे जाणार होतो. पण त्यांनी बघितलं, खुर्ची पुढे केली, तीवर आधी फडकं मारलं, आणि म्हणाले, “या जावईबापू, बसा.” ताई, ते फडकं मला सहन झालं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. लुकण, काचकागद, पटाशी, सगळं. बाबा सुरी पुसत राहिले. मग म्हणाले की टेकवल्याबरोबरच कळलं होतं. इतकी वर्षं मांस कापतोय, लाकडाचा आवाज ओळखू येणार नाही का? मी विचारलं की मग हात राहिला नाही असं का म्हणालात? तर म्हणाले, “मग काय म्हणायचं होतं? जावयाने पहिल्यांदा हौसेने रांधलेलं. चारचौघांत तुमची शोभा करायची होती का मी?” मी म्हणालो, अहो पण दुकान चाललंय. एवढ्यावरून दुकान जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं म्हणाले; पण थोरलीने ठरवल्यावर आता उलटं सांगायचं तर माझं नाव मध्ये येणार. “दुकान आज ना उद्या जायचंच. जावई मला एकच आहे.” आणि हे तुम्हाला कळवू नये, असंही बजावलं. पत्र तेव्हा माझ्या खिशातच होतं.

ता. क. ३. पहिल्या ता. क. मधली विनंती मी मागे घेतो. ती खोडून टाकणार होतो, पण राहू दे. माझी लायकी तुम्हाला कळलेली बरी. तुमच्या बहिणीला मी काल सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही, पण मामांकडे आणि चष्मेवाल्याकडे मला स्वतः पाठवलं, एकट्याला. मामांनी मला दोनदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मामी दोन्ही वेळा तेवढ्याच हसल्या. चष्मेवाला हसला नाही. त्याने विचारलं, “म्हणजे त्यांचा हात ठीक आहे?” मी हो म्हणालो, तर त्याने एक सुस्कारा सोडला, तो भिंतीसाठी होता की बाबांसाठी ते मला कळलं नाही. तुमचा फोन आला की तो विषय सोडून देईन म्हणाला. तेव्हा फोन करावा.

आज सकाळी बाबांनी दुकान उघडलं. मी गेलो. बाबा गिऱ्हाइकाला काप काढून देत होते, हात जराही हलत नव्हता. मी दारात उभा राहिलो, आता खुर्ची येईल म्हणून. खुर्ची आली नाही. त्यांनी मान वर न करता पायाने कोपऱ्यातला झाडू माझ्याकडे सरकवला. मी कंबर धरून धरून सगळं दुकान झाडलं. संपवून झाडू ठेवणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, “तो फळीखालचा कोपरा राहिला बघ.”